ओला कचरा, कोरडा वारा आणि आपली जयणा



"घरात कचऱ्याचं खत करायचं म्हणजे जीवहिंसा, आपण त्यात पडू नये," असं मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी ऐकवतं. कधी महिला मंडळात, कधी स्थानकाच्या पायऱ्या उतरताना, तर कधी घरातच सासूबाईंकडून. "अगं, जीव पडतात त्यात. उगाच कशाला कर्म बांधतेस?" सांगणाऱ्यांच्या मनात कळकळच असते, म्हणून मी वाद घालत नाही. पण हे म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज नीट लिहिते.

माझं मत असं आहे. भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा पिशवीत गाठ मारून घंटागाडीत टाकण्यापेक्षा ते आपल्या अंगणातल्या खड्ड्यात, वाऱ्यापासून झाकून, न ढवळता, सावकाश मातीला मिळू देणं यात हिंसा कमी आहे आणि जयणा जास्त आहे. शिवाय याला फार कष्ट लागत नाहीत. आपण जितकी कमी ढवळाढवळ करू तितकी जयणा जास्त सांभाळली जाते. घरकाम आणि धर्म एकाच बाजूला ओढतात असं क्वचितच होतं, इथे होतं.

गाठ मारली की संपलं?

घंटागाडी गेली की आपल्याला हात झटकल्यासारखं वाटतं. पण त्या पिशवीचं पुढे काय होतं ते पाहू. बंद प्लास्टिकमध्ये ओलावा आणि ऊब दोन्ही असतात. हवा नसते. दुसऱ्या दिवशीपर्यंत आत वास सुटतो, आणि पिशवी फाटली की माश्या अंडी घालतात. वाटेत एखादी गाय ती पिशवी भाजीच्या वासाने ओढते आणि प्लास्टिकसकट खाते. उरलेली पिशवी डेपोवर जाऊन हजारो पिशव्यांखाली दबते. तिथे हवा पोचत नाही, म्हणून कचरा मातीत न मिळता कुजत राहतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार डंपिंग ग्राऊंडला आग लागली, तेव्हा शहरावर पसरलेला धूर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. त्या आगीत किती जीव गेले असतील याचा हिशोब कोण करणार?

माणसांचाही विचार करा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. गावकऱ्यांनी कितीदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. त्या गाड्यांमध्ये आपल्यासारख्याच घरांतली दुधी भोपळ्याची सालं होती. कुणाचं तरी अंगण खराब करून आपलं अंगण स्वच्छ ठेवायचं, याला मी स्वच्छता म्हणू शकत नाही.

आपल्याकडे तर हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाप तीन प्रकारांनी लागतं: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कुणी केलं त्याला अनुमोदन देणं. सामायिक घेताना आपण करणं आणि करवणं दोन्हींचा त्याग करतो. मग कचऱ्याच्या बाबतीत मात्र "मी कुठे केलं, गाडीवाल्याने नेलं" हा युक्तिवाद कसा चालेल? खड्ड्यातले जीव दिसतात म्हणून ते आपले, आणि डेपोवरचे दिसत नाहीत म्हणून ते आपले नाहीत, असं कर्माचं गणित नसतं.

पाचवी समिती

पाच समित्या आपण पाठ म्हणतो: ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि शेवटची उत्सर्ग, जिला परिष्ठापनिका किंवा प्रतिष्ठापना असंही म्हणतात. पहिल्या चारांवर प्रवचनं ऐकलेली असतात. खाली बघून चालावं, तोलून बोलावं, निर्दोष आहार घ्यावा, वस्तू पाहून उचलावी-ठेवावी. पाचवीवर कुणी फारसं थांबत नाही, कारण ती टाकून देण्याच्या गोष्टींबद्दल आहे.

पण काय सांगते ही समिती? जे टाकायचं ते कुठे टाकतो ते आधी पाहा. तिथे हिरवळ नको, किडा-मुंगी नको, कुणाला त्रास होईल अशी जागा नको. साधू-साध्वींसाठी हा पूर्ण आचार आहे. आपण गृहस्थ, आपल्याकडून तो तितका पाळला जाणार नाही. तरी त्याची दिशा आपल्यासाठीही तीच आहे. वस्तू टाकून दिल्यानंतरसुद्धा ती काही काळ आपली असते. ती जिथे जाऊन पडेल ती जागा पाहण्याची जबाबदारी आपली असते. म्हणून मला घरातल्या खताच्या खड्ड्यात पाचवी समिती दिसते, आणि घंटागाडीत ती कुठेच दिसत नाही.

सतरा किलोमीटरवरचा धडा

आमच्या नगरपासून (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच आहे) सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. खताच्या लेखात या गावाचं नाव का, असं वाटेल. कारण टाकून देण्याचा आणि राखून ठेवण्याचा विचार या गावाने जितका शिस्तीने केला तितका आपण घरातही करत नाही.

गाव लहान, साधारण 977 हेक्टरचं. पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची रया गेली, माणसं मजुरीसाठी बाहेर पडली, दारू वाढली. 1989-90 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. पुढची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 2020 सालच्या पद्म पुरस्कारांत पवारांना पद्मश्री मिळाली.

मला त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? त्यांनी बाहेरून पाणी आणण्याच्या मागे न लागता आपल्या शिवारात पडलेलं पाणी आपल्याच शिवारात मुरवलं. डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. आणि त्याच्याही आधी स्वतःला बंधनं घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. पुढे उघड्यावर शौचाला बसण्यावर बंदी, आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. पाऊस किती झाला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्याप्रमाणे कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर गावाने नियम घेतला. आपण पच्चक्खाण घेतो तसाच, फक्त सगळ्यांनी मिळून. आणि क्रम बघा. आधी मर्यादा, मग साठवण. आधी "एवढंच वापरू", मग "पडेल ते मुरवू".

चराईबंदीचा तर खताशी थेट संबंध आहे. डोंगरावर गुरं मोकळी सोडायची बंद झाली, गवत कापून गोठ्यात आणायचं ठरलं. गवत वाढलं, दूध वाढलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात रोज दीडशे लिटरच्या आसपास दूध निघायचं, ते पुढच्या दहा-बारा वर्षांत चार हजार लिटरपर्यंत गेलं. पण आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: जनावर गोठ्यात असलं की शेण एका जागी पडतं. डोंगरावर विखरून वाळून जाणारं शेण खड्ड्यात जातं आणि तिथून शेतात. शिवारातलं गवत शिवारातच परत.

घरातल्या ओल्या कचऱ्यालाही हाच क्रम लावावा असं मला वाटतं. आधी कमी करायचा. मग जो उरेल तो घरच्या मातीतच जिरवायचा.

आधी कमी करायचा

हे आपल्यासाठी सगळ्यात सोपं, कारण आपल्या चालीरीतींनी ते आधीच करून ठेवलंय. ताटात उष्टं टाकायचं नाही, ताट धुऊन ते पाणी प्यायचं. उष्ट्यात 48 मिनिटांच्या आत संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात म्हणून ही चाल पडली. आता बघा, बागकाम करणारा कुणीही तुम्हाला हेच सांगेल की शिजवलेलं, तेल-मीठ लागलेलं अन्न खड्ड्यात घालू नका, कारण त्यालाच वास सुटतो आणि त्यालाच माश्या, उंदीर येतात. रात्र उलटलेलं, रस चलित झालेलं अन्न आपण खात नाही. मग ते उरूच नये एवढंच शिजवायचं, आणि उरलंच तर सूर्य मावळायच्या आत कुणाच्या तरी मुखात जाऊ द्यायचं.

चौविहार करणाऱ्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक दिवसाउजेडी आटोपतो. म्हणजे सालं-देठंही उजेडात खड्ड्यात जातात, रात्रभर ओट्याखालच्या डब्यात पडून राहत नाहीत. आणि उजेड असला की खड्ड्याच्या तोंडाशी कुणी जीव आहे का ते बघून, पूंजणीने हलकेच बाजूला सारून मग टाकता येतं. अष्टमी-चतुर्दशीला चुलीवर हिरवं नसतं, तेव्हा खड्ड्यातही नसतं. त्या दिवशी खड्ड्याला आराम.

आमच्या घरात पाच माणसं. उष्टं नाही, कंदमूळ नाही, मोजून शिजवलेलं. दिवसाला जेमतेम एक किलो ओला कचरा निघतो, चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की त्याहूनही कमी. एवढ्यासाठी कुठलंही यंत्र, कुठलाही महागडा डबा विकत घ्यायची गरज नाही.

आपल्याकडचा खरा अडसर: वारा

नगरकडच्या बायका मला सांगतात, "करून बघितलं ग, काही होतच नाही. नुसतं वाळून जातं." त्यांचं बरोबर आहे. खताच्या बहुतेक कृती पाणी मुबलक असलेल्या ठिकाणच्या असतात. आपल्या पठारावर वारा किती आहे ते पाहायचं तर पुणे रस्त्याने सुप्याकडे जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या बघा. आषाढात पाऊस शिंतोडे टाकून जातो आणि पश्चिमेचा वारा मात्र दिवसरात्र घोंघावतो. उन्हाळ्यात तर तो भट्टीसारखा. खताला मुठीत दाबलेल्या ओल्या फडक्याइतका ओलावा लागतो. म्हणजे पिळलं तर एखादा थेंब यावा, गळू नये. उघडा ढीग केला की वारा दोन दिवसांत तो ओलावा शोषून नेतो. मग सालं कुजत नाहीत, नुसती सुकून खडखडतात.

यावर उपाय म्हणून रोज पाणी मारायचं? दुष्काळी तालुक्यात कचऱ्यावर पिण्याचं पाणी ओतणं मला पटत नाही. अप्काय जीवांचाही विचार आहेच. विदर्भातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी शोधलेली नाडेप पद्धत शेतकऱ्यांत प्रसिद्ध आहे. भिंतीला भोकं ठेवलेलं विटांचं हौद, थोड्या शेणात भरपूर खत. पद्धत शेतासाठी उत्तम आहे. पण एक हौद भरायला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, आणि भिंतीच्या भोकांतून हवा खेळती राहील अशी तिची रचना आहे. घरापुरत्या कामाला आणि इतक्या वाऱ्याला ती जड जाते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग असा भेद केलेला आहे. पुढे 1939 मध्ये बंगळुरूला डॉ. सी. एन. आचार्य यांनी आणखी सोपं केलं. खड्डा भरायचा, वरून मातीने लिंपून बंद करायचा आणि सोडून द्यायचा. उलटापालट नाही, पुन्हा पाणी नाही. वेळ जास्त लागतो, सहा ते आठ महिने. पण ओलावा आतच राहतो. आपल्या आज्या परसातला खड्डा शेणामातीने झाकायच्या तेही याच कारणाने.

म्हणून वाऱ्याच्या गावात नियम एकच: ढीग वर रचू नका, खाली उतरवा आणि तोंड झाका.

आमच्या घरची रीत

दोन खड्डे. प्रत्येक दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. जागा कुंपणाच्या भिंतीच्या आडोशाला, अशी की पश्चिमेचा वारा भिंतीवर अडेल आणि दुपारचं ऊन कडुनिंबाच्या सावलीत अडेल. खणायचे ते कोरड्या दिवसांत, मुंग्यांचं वारूळ किंवा गवत नसलेल्या जागी, नीट पाहून. एकदा खणले की पुन्हा वर्षानुवर्षं खणावं लागत नाही, पृथ्वीकायाची विराधना एकदाच.

तळाला तुरीच्या काड्या किंवा बाजरीचं सरमाड वीतभर. त्यामुळे खाली थोडी हवा राहते आणि पावसाळ्यात पाणी साचत नाही.

मग रोजचा कचरा. सालं मोठी असली तर चिरतानाच लहान करायची. कचरा टाकला की त्यावर लगेच दुप्पट सुका पालापाचोळा आणि वर दोन मुठी माती. हे "लगेच" फार महत्त्वाचं. माशीला ओलं दिसलं नाही तर ती अंडी घालत नाही. खड्ड्यात जीव पडतात ही तक्रार उघड्या खड्ड्यातली आहे. झाकलेल्या खड्ड्यात माश्यांची उत्पत्ती आपण होऊच देत नाही, आणि जीव उत्पन्न होऊ न देणं ही जीव वाचवण्याच्याही आधीची जयणा आहे.

पालापाचोळा वाऱ्याने उडतो, म्हणून तो फाटक्या गोणीत भरून खड्ड्याजवळच ठेवायचा. शिशिरात कडुनिंब पानं गाळतो तेव्हा चार गोण्या भरल्या की वर्षाची बेगमी झाली. लोक हाच पाला जाळतात. एका काडीने किती जीव जातात ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ओलाव्यासाठी वेगळं पाणी नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, तेवढंच. चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा तांब्याभर शेणकाला. मूठ दाबून बघायची, ओल असेल तर काहीच घालायचं नाही. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, पाला वाढवायचा.

वरून ओलं गोणपाट, त्यावर एखादी जुनी फळी आणि चारी कोपऱ्यांना दगड. दगड नसतील तर आमच्याकडचा वारा गोणपाट शेजारच्यांच्या गच्चीवर नेतो.

चार-पाच महिन्यांत एक खड्डा भरतो. मग मातीचा जाड थर देऊन तो बंद. दुसरा सुरू. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो. काढतानाही घाई नाही. वरचा थर बाजूला करून दिवसभर सावलीत तसाच ठेवायचा. उजेड लागला की आतले जीव आपोआप खालच्या ओल्या भागात सरकतात. मग वरवरचं खत हाताने उचलून झाडाच्या बुंध्याशी घालायचं. चाळणी लावायची नाही. एखादी काडी राहिली तर राहू दे, गुलाबाला काही त्रास होत नाही.

रोजचा वेळ किती? दोन मिनिटं.

समुद्राकाठच्या मैत्रिणींसाठी

माझी नणंद रत्नागिरीला असते. तिचा प्रश्न उलटा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि वाराही पाण्याने भरलेला. आमचा खड्डा वाळतो, तिचा बुडतो. तिने जमिनीत खड्डा करू नये. विटांच्या दोन थरांवर, पडवीच्या आडोशाला, बुडाला भोकं असलेलं पिंप किंवा जुनी टोपली ठेवावी. वर घट्ट झाकण, त्यावर वजन. पाला आमच्यापेक्षा जास्त, आणि तो पावसाआधीच कोरडा साठवलेला. नारळाच्या शेंड्या तोडून घातल्या तर ओल शोषली जाते आणि हवाही राहते. सुरुवात दिवाळीनंतर करावी, म्हणजे पहिलं खत पावसाच्या आत तयार होतं. नैऋत्येचा वारा खारट फवारा आणतो तिथे झाडं आणि पिंप दोन्ही घराच्या मागच्या बाजूला बरी.

मुंबईच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे अंगणच नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडांची-भाज्यांची बाग उभी केली. बंदरालगतची गच्ची, समुद्राचा वारा, तरी झाडं वाढली. घरच्या गॅलरीत तर उन्हाळ्यानंतर पाणी गार करायचं सोडलेले दोन माठ पुरतात. माठ पाझरतो, म्हणून आत हवा राहते. तो गॅलरीच्या कठड्याशी न ठेवता आतल्या भिंतीशी ठेवा आणि तोंडाला जाड सुती कापड बांधा. सोसायटीच्या झाडांचा पाला वॉचमन रोज झाडून फेकतो, तोच मागून घ्या.

जे प्रश्न उरतात

मी असं म्हणणार नाही की खड्ड्यात हिंसा नाही. माती म्हणजेच जीव, आणि कुजणं हे जीवांचंच काम आहे. खरं तर कुठलाही ओला कचरा कुठेही पडला तरी हे होणारच. आपल्या हातात एवढंच आहे की ते कमीत कमी त्रासात व्हावं.

म्हणूनच मी गांडूळ खताच्या बाजूने नाही. गांडुळं विकत आणायची, डब्यात कोंडायची, नगरच्या उन्हाळ्यात ती जगतील का याची काळजी करायची, आणि खत काढताना पुन्हा त्यांना वेचायचं. ज्यांना जमतं त्यांचा मी आदर करते, पण पंचेंद्रिय असो वा द्वींद्रिय, जीव विकत घेऊन कामाला लावणं माझ्या मनाला रुचत नाही. आपल्या खड्ड्यात ती मातीतून स्वतः आली तर आली, गेली तर गेली.

वारंवार उलथून खत लवकर तापवण्याच्या बाजूनेही मी नाही. मोठा ढीग ढवळत राहिलं की तो 55-60 अंशांपर्यंत तापतो, खत दोन-तीन महिन्यांत होतं. पण त्या उष्णतेत आतल्या अळ्या आणि लहान किडे मरतात, आणि फावडं फिरवताना आणखी. घरचा छोटा, न ढवळलेला खड्डा तापत नाही. तो सावकाश होतो. आपल्याला खत विकायचं नाहीये, मग घाई कुणाची?

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि महाराजसाहेबांनी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, "आई, मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगेन. खड्डाही आणि पिशवीही. फक्त खड्ड्याबद्दल विचारलं तर प्रश्न अर्धाच विचारल्यासारखं होईल." तुम्हीही आपापल्या गुरूंना विचारा, पण दोन्ही विचारा. सासूबाई अजून खड्ड्याजवळ जात नाहीत, पण सालं आता त्या स्वतः वेगळ्या वाडग्यात काढून ठेवतात.

शेवटी एक विनंती. चातुर्मासाचे नियम घेताना आपण काय खायचं नाही याची यादी करतो. यंदा त्या यादीत एक ओळ वाढवा: चार महिने ओला कचरा उंबऱ्याबाहेर जाणार नाही. पाच घरांनी मिळून घेतला तर आणखी चांगलं, पाला गोळा करायला सोबत होते, आणि कुणी गावाला गेलं तर दुसरीच्या खड्ड्यात सोय होते. हिवरे बाजारने पाण्याचे नियम एकेकट्याने पाळले नाहीत, सगळ्या गावाने मिळून पाळले. कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळा जाऊ द्यावा आणि कार्तिकी पौर्णिमेपासून सुरू करावं.

खड्डा खणण्याआधी आपल्या अंगणात वारा कुठून येतो ते दोन दिवस बघून ठेवा. आणि काही अडलं तर मला जरूर विचारा.

जय जिनेंद्र.